रशियन कादंबऱ्यांतला ख्रिस्त आणि लेखकाचा आवाज: वाचायचं कसं?

"सौंदर्यच जगाला वाचवेल" हे वाक्य दोस्तोयेव्हस्कीच्या दाढीवाल्या फोटोखाली तुम्ही कधी ना कधी बघितलं असणार. 'द इडियट' उघडून बघा, तिथे हे वाक्य लेखक म्हणत नाही, नायक प्रिन्स मिश्किनसुद्धा आपल्यासमोर म्हणत नाही. क्षयाने मरायला टेकलेला इप्पोलित नावाचा सतरा-अठरा वर्षांचा चिडका पोरगा भर मंडळींत त्याला खिजवत विचारतो की काय हो प्रिन्स, तुम्ही म्हणे एकदा असं म्हणाला होतात, मग कुठलं सौंदर्य ते? आणि मिश्किन काही बोलतच नाही. दुसरं फेमस वाक्य, "देव नसेल तर सगळंच चालतं", त्याचीही तीच गत. तो 'ब्रदर्स कारामाझोव्ह'मधल्या इव्हानचा विचार, आपल्यापर्यंत बरेचदा दुसऱ्यांच्या तोंडून पोचतो, कधी त्याचा मोठा भाऊ मित्या बोलून दाखवतो, कधी घरचा नोकर स्मेर्द्याकोव्ह, आणि प्रत्येकाने तो आपल्या सोयीने वाकवलेला असतो.

म्हणून रशियन क्लासिक वाचताना, त्यातही ख्रिस्ती श्रद्धेचा विषय असला की, पहिलं काम एकच. पेन्सिल घेऊन बसा आणि देवाबद्दल कुणी मोठं वाक्य टाकलं की मार्जिनमध्ये लिहा: कोण बोलतंय, कुणाशी, आणि त्याच्या आधी-नंतर काय घडलं. बस. हे कंटाळवाणं वाटतं, पण शंभरेक पानांत सवय होते आणि मग अर्धा गोंधळ आपोआप मिटतो. मला विचाराल तर या लेखकांची श्रद्धा भाषणांत फार कमी सापडते, ती सापडते प्रसंगांत, आणि भाषण जितकं जोरदार तितकं ते विरोधी पार्टीचं असण्याचा चान्स जास्त (टॉलस्टॉय सोडून, त्याच्याकडे येतोच).

आधी थोडी तयारी

मराठी बायबल जवळ ठेवा, ॲपवर असलं तरी चालेल. सगळं वाचायची गरज नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय (लाजरला मेलेल्यातून उठवतात तो), 12:24 (गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला तरच पीक देतो), 2 रा अध्याय (काना गावचं लग्न), लूक 8:32-36 (डुकरांच्या कळपात शिरलेली भुतं) आणि रोमकरांस पत्र 12:19 (सूड घेणं माझं काम, मी फेड करीन). यातलं गव्हाच्या दाण्याचं वचन 'ब्रदर्स कारामाझोव्ह'च्या सुरुवातीला छापलंय, भुतांचं 'डीमन्स'च्या आणि सुडाचं टॉलस्टॉयच्या 'ॲना कॅरेनिना'च्या. पुस्तकाच्या डोक्यावर टाकलेलं वचन म्हणजे लेखक कुठल्याच कॅरेक्टरच्या आडून न बोलता टाकतो ती ओळ, म्हणून ती परत परत उलटून बघायची. अर्थात 'ॲना'मध्ये सूड नक्की कुणी कुणावर घ्यायचा नाही, समाजाने ॲनावर की ॲनाने प्रियकर व्रॉन्स्कीवर, यावर लोक दीडशे वर्षं भांडतायत, तेव्हा वचन सापडलं म्हणजे उत्तर सापडलं असं समजू नका.

आणि हे चर्च आपल्याला वसईत किंवा गोव्यात दिसतं ते नाही. हे ऑर्थोडॉक्स. पोप नाही, गावचे पाद्री लग्न झालेले, ख्रिसमसपेक्षा ईस्टर कितीतरी मोठा, मूर्तींऐवजी आयकॉन म्हणजे लाकडावर रंगवलेली चित्रं, आणि मठातला स्तारेत्स, म्हणजे असा वडीलधारा साधू ज्याच्या हाती शिष्य स्वतःची इच्छाच सोपवून टाकतो. कॅथलिकांबद्दल दोस्तोयेव्हस्की अतिशय कडवट आहे, 'इडियट'मध्ये मिश्किन एका पार्टीत सरळ म्हणतो की कॅथलिक पंथ नास्तिकपणापेक्षाही वाईट. आपल्याकडच्या कॅथलिक वाचकाला हे खटकणार आणि खटकायलाच हवं, पण तिथेही पेन्सिल चालवा: मतं लेखकाचीच आहेत, त्याच्या लेखांत तशीच सापडतात, तरी कादंबरीत ती बोलता बोलता मिश्किनचा हात लागून यजमानांचं महागडं चिनी फुलपात्र फुटतं (यजमानांची मुलगी अग्लाया हिने आदल्या दिवशी त्यालाच बजावलेलं असतं बरं का) आणि संध्याकाळ संपता संपता त्याला फिट येते. स्वतःच्या लाडक्या मताची लेखकाने ही अशी शोभा केलीय. का? माझा अंदाज, कादंबरी लिहिताना त्याच्यातला कादंबरीकार त्याच्यातल्या लेख लिहिणाऱ्याला फार मोकळं सोडत नाही.

एक सीन अगदी जवळून: सोन्या लाजरची गोष्ट वाचते

'क्राइम अँड पनिशमेंट', भाग 4, चॅप्टर 4. पुस्तक 1866 चं. सराव करायला यापेक्षा चांगली जागा नाही. रास्कोल्निकोव्हने म्हाताऱ्या सावकारणीचा आणि तिच्या बहिणीचा, लिझावेताचा, खून केलाय. तो घरच्यांसाठी वेश्या झालेल्या सोन्याच्या खोलीवर येतो. कपाटावर एक जुनं, वापरलेलं, चामड्याच्या बांधणीचं न्यू टेस्टामेंट पडलेलं असतं, रशियन भाषेतलं. कुणी दिलं विचारल्यावर सोन्या म्हणते, लिझावेताने. म्हणजे ज्या बाईला याने कुऱ्हाडीने मारलं तिच्याच पुस्तकातून हा आता वाचून घेणार आहे. लेखक यावर फार बोलत नाही, आपण थांबायचं.

आता आवाज मोजा. पहिला आवाज योहानाचा, वचनं जशीच्या तशी येतात. दुसरा सोन्याचा, ती आधी अडखळते, तिचा गळा दाटतो, मग "त्याला मरून चार दिवस झाले" इथे चार या शब्दावर मुद्दाम जोर देते, आणि लाजरची बहीण मार्था जिथे म्हणते की होय प्रभू, तूच ख्रिस्त असा माझा विश्वास आहे, तिथे सोन्या ते असं वाचते की जणू ती स्वतःच सगळ्यांसमोर कबुली देतेय. तिसरा रास्कोल्निकोव्ह, तो बहुतेक गप्प, पण वाचायला लावतोय तोच, आणि ही आता वेडी होणार की मीही होणार असले विचार त्याच्या डोक्यात. आणि मग चौथा. वाचन संपतं, मेणबत्तीचा तुकडा विझत आलाय, आणि निवेदक एकदम पुढे येऊन सांगतो की त्या दरिद्री खोलीत एक खुनी आणि एक वेश्या शाश्वत ग्रंथ वाचायला विचित्रपणे एकत्र आले होते.

या एका वाक्यावर कादंबरीकार नाबोकोव्ह भयंकर उखडला होता, त्याच्या मते खुनी आणि वेश्या यांना एका ओळीत बसवणं हाच खोटेपणा, सोन्याने असं काय पाप केलं की ती खुन्याच्या जोडीला बसावी? मला त्याचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. वाक्य जड आहे खरं. पण हे वाक्य वगळून सीन परत वाचा, काहीही कमी होत नाही. सोन्याचा आवाज सगळं करून गेलेला असतो, निवेदकाचं वाक्य वरून लावलेलं आहे. लेखकाची श्रद्धा त्या घोषणेपेक्षा "चार" या शब्दावरच्या जोरात जास्त आहे, आणि हा फरक एकदा कानाला कळला की पुढची पानं वेगळी ऐकू येतात.

एक गोष्ट अजून. कादंबरी ज्या मासिकात छापून येत होती त्याचा संपादक कात्कोव्ह याने हाच चॅप्टर बदलून मागितला होता, एका वेश्येच्या तोंडी शुभवर्तमान त्याला झेपलं नाही, दोस्तोयेव्हस्कीला तो परत लिहून द्यावा लागला. त्यामुळे आपण वाचतो तो आवाज पूर्ण त्याच्या मनासारखा आहे असंही नाही. आणि शेवटी, सायबेरियात, तेच पुस्तक रास्कोल्निकोव्हच्या उशीखाली असतं आणि त्याने ते अजून उघडलेलं नसतं. बरेच लोक शेवट आठवताना त्याला बायबल वाचायला लावतात, तसं नाहीये, नीट बघा.

'कारामाझोव्ह'मध्ये उत्तर कुठे शोधायचं

पुस्तक 5, चॅप्टर 4 आणि 5. खानावळीत इव्हान धाकट्या भावाला, अल्योशाला, समोर बसवून मुलांच्या छळाच्या गोष्टी सांगतो, यातल्या बऱ्याच लेखकाने खऱ्या बातम्यांतून उचललेल्या. एका जनरलच्या कुत्र्याला आठ वर्षांच्या पोराचा दगड लागतो म्हणून जनरल आईच्या डोळ्यांदेखत पोरावर शिकारी कुत्रे सोडतो. इव्हान विचारतो, या माणसाचं काय करायचं, गोळी घालायची? आणि मठातला सोज्वळ अल्योशा हळूच म्हणतो, घालायची. मग इव्हान म्हणतो की देवाला मी नाकारत नाही, मी फक्त त्याचं तिकीट साभार परत करतोय. त्यानंतर इव्हानने स्वतः रचलेली 'ग्रँड इन्क्विझिटर'ची (धर्मद्रोह्यांना शिक्षा देणाऱ्या मुख्य न्यायाधीशाची) गोष्ट, सोळाव्या शतकातलं सेव्हिल, ख्रिस्त परत आलाय आणि नव्वदीचा कार्डिनल त्याला कोठडीत टाकून पानंच्या पानं झापतोय की लोकांना स्वातंत्र्य नको, भाकरी हवी.

इथे नवा वाचक दोनपैकी एक चूक करतो. एक तर म्हणतो, बघा लेखक मनातून नास्तिकच, नाहीतर इतकं तगडं लिहिलं असतं का. किंवा भाविक असेल तर पुढे पुस्तक 6 मध्ये अल्योशाचा गुरू, मठातला स्तारेत्स झोसिमा याच्या उपदेशात इव्हानच्या मुद्द्यांना मुद्देसूद उत्तर शोधतो आणि निराश होतो, कारण ते तिथे नाही. आणि हे लेखकाला चांगलं माहीत होतं! 1879 च्या ऑगस्टमध्ये पोबेदोनोस्त्सेव्ह या वजनदार सरकारी मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की हे उत्तर पुरेल का याची मला धास्ती आहे, कारण मी ते मुद्द्याला मुद्दा असं दिलेलं नाही, चित्र उभं करून दिलंय.

तर मग चित्र बघायला शिका. इन्क्विझिटर एवढं बोलतो, समोरचा एक शब्द बोलत नाही, शेवटी उठून त्या म्हाताऱ्याच्या रक्त नसलेल्या ओठांचं चुंबन घेतो. गोष्ट संपते. मग अल्योशा उठून इव्हानचं चुंबन घेतो आणि इव्हान खूश होऊन ओरडतो, ही तर वाङ्मयचोरी! दोन्हीकडे वादाला कृतीने उत्तर आहे, आणि दुसऱ्या वेळी तर लेखक त्यावर हसायलाही मोकळीक देतो. पुढे झोसिमा मरतो, सगळ्यांना चमत्कार हवा असतो, आणि होतं काय तर प्रेताला वास सुटतो, तोही नेहमीपेक्षा लवकर. अल्योशाची श्रद्धा हलते, तो चिडून ग्रुशेंकाकडे जातो, ती त्याला नादी लावायच्या बेताने मांडीवर येऊन बसते, आणि झोसिमा गेला हे कळताच क्रॉसची खूण करत ताडकन उतरते. मग ती कांद्याची गोष्ट सांगते. एका दुष्ट म्हातारीने आयुष्यात एकच पुण्य केलेलं, भिकारणीला कांद्याची एक पात दिलेली. देवदूत तीच पात धरून तिला आगीच्या सरोवरातून ओढून काढतो, बाकीचे पापी तिला लोंबकळतात, ती लाथा झाडते, "माझा कांदा आहे, तुमचा नाही", आणि पात तुटते.

ही गोष्ट आपण एका शेतकरी बाईच्या तोंडून उतरवून घेतली असं लेखकाने संपादकांना कळवलं होतं. कादंबरीत ग्रुशेंकाने ती लहानपणी मात्र्योनाकडून, म्हणजे आता तिच्याकडे स्वयंपाकाला असलेल्या बाईकडून, ऐकलेली. म्हणजे इव्हानच्या त्या प्रचंड युक्तिवादाचं उत्तर येतं कुठून तर स्वयंपाकीणबाईच्या तोंडून, आणि सांगणारी गावाच्या नजरेत बदनाम बाई. लेखक नावाचा माणूस कुठेच पुढे येत नाही, पण कोणती गोष्ट कुणाच्या तोंडी, कुठल्या क्षणाला टाकायची हे तोच ठरवतो ना. तिथे शोधायचं त्याला. रशियन समीक्षक बाख्तिनने 1929 मध्ये जे मांडलं की दोस्तोयेव्हस्कीकडे प्रत्येक आवाजाला बरोबरीचा हक्क आहे आणि लेखक वरून निकाल देत नाही, ते इथे कामाला येतं, फक्त त्याचा अर्थ लेखकाला मतच नाही असा घेऊ नका, मत आहे, आवाज मात्र चढवलेला नाही.

झोसिमाचं चरित्रही अल्योशाने नंतर आठवून लिहिलेल्या टिपणांतून येतं, संतचरित्राच्या जुन्या संथ शैलीत, म्हणून ते काहींना बोअर होतं. आणि पूर्ण पुस्तक सांगणारा निवेदक म्हणजे त्याच गावातला एक बडबड्या माणूस, "आमच्या जिल्ह्यात", "आमच्याकडे" असं म्हणणारा, खटल्याच्या वेळी तर सगळं मला ऐकू आलं नाही, आठवतही नाही असं सांगून मोकळा होतो. त्याला दोस्तोयेव्हस्की समजू नका.

टॉलस्टॉय: इथे उलटं चालतं

टॉलस्टॉय बिनधास्त बोलतो. "इव्हान इलिचचं आयुष्य अगदी साधं, सामान्य आणि म्हणूनच भयंकर होतं", या चालीची वाक्यं तो स्वतःच्या आवाजात टाकतो, कीर्तनात बुवा कथा थांबवून निरूपणाला लागतात तसं. त्यामुळे इथे लेखक कुठे आहे हा प्रश्न नसतो. इथे बघायचं ते हे, की तो निरूपण करताना जास्त पटतो की गप्प असताना.

याची परीक्षा 'रिझरेक्शन' (1899) मध्ये घ्या. पहिल्या भागात ईस्टरच्या रात्रीची प्रार्थना आहे, तरुण नेख्ल्युदोव्ह, पांढऱ्या कपड्यातली कात्युशा, बाहेर एक भिकारी येतो, नाकाच्या जागी नुसती लाल खपली, कात्युशा त्याला काहीतरी देते आणि जराही किळस न करता ईस्टरच्या रीतीने तीनदा त्याचं चुंबन घेते. त्याच पुस्तकात, त्याच पहिल्या भागात, तुरुंगातली प्रार्थना आहे आणि तिथे टॉलस्टॉय असं लिहितो की जणू त्याने चर्च कधी बघितलंच नाही: एक माणूस विचित्र, अडचणीचे कपडे घालून ब्रेडचे तुकडे करतो, ताटलीत मांडतो, वाइनच्या पेल्यात टाकतो. मग सरळ निरूपण, की ज्याच्या नावाने हे चाललंय त्याने नेमकं हेच करू नका सांगितलं होतं हे तिथे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. हा भाग रशियात सेन्सॉरने उडवला, आणि फेब्रुवारी 1901 मध्ये होली सिनॉडने, म्हणजे रशियन चर्चच्या सर्वोच्च मंडळाने, टॉलस्टॉय आता चर्चचा नाही असं जाहीर केलं. त्या सिनॉडचा प्रमुख कोण, तर तोच पोबेदोनोस्त्सेव्ह, ज्याला दोस्तोयेव्हस्की मन मोकळं करून पत्रं लिहायचा, आणि 'रिझरेक्शन'मधला तोपोरोव्ह नावाचा निर्ढावलेला अधिकारी हे त्याचंच व्यंगचित्र मानतात. एकच माणूस एका लेखकाचा विश्वासू आणि दुसऱ्याचा खलनायक.

दोन्ही सीन पाठोपाठ वाचा. मला दुसरा हुशार वाटतो आणि पहिला खरा.

'इव्हान इलिच' (1886) मध्येही तसंच. पाद्री येतो, कम्युनियन (प्रभुभोजनाचा विधी) होतं, थोडा वेळ बरं वाटतं आणि बायकोने विचारल्याबरोबर ते बरं वाटणं खोटं निघतं. खरा आधार गेरासिमचा, तो नोकर पोरगा रात्रभर मालकाचे पाय खांद्यावर धरून बसतो कारण तसं दुखणं कमी वाटतं, आणि म्हणतो की मरायचं तर सगळ्यांनाच आहे, मग थोडे कष्ट घ्यायला काय हरकत. देवाचं प्रवचन नाही काही नाही. गांधीजींवर ज्या टॉलस्टॉयचा प्रभाव पडला तो 'द किंग्डम ऑफ गॉड इज विदिन यू' लिहिणारा, ते पुस्तक वाचायला हरकत नाही, पण त्याची किल्ली घेऊन गेरासिम उघडू नका, आधी गेरासिम वाचा.

चेखव, थोडक्यात

चेखव श्रद्धाळू नव्हता, लहानपणी तागानरोगमध्ये बापाने जबरदस्तीने चर्चमध्ये गायला लावलेलं. आणि तरी त्याची 'द स्टुडंट' (1894) ही चारेक पानांची गोष्ट वाचून डोळ्यात पाणी येतं. गुड फ्रायडेची थंड संध्याकाळ, धर्मशास्त्र शिकणारा एक उपाशी विद्यार्थी शेकोटीपाशी दोन विधवांना शिष्य पेत्राने ख्रिस्ताला नाकारलं ती गोष्ट सांगतो, म्हातारी रडते, तिची मुलगी दुखणं दाबून धरल्यासारखी ताठ होते. विद्यार्थ्याला वाटतं की एकोणीसशे वर्षांपूर्वीची घटना आणि आज यांच्यात साखळी आहे, एक टोक हलवलं तर दुसरं हललं, आणि तो आनंदाने भरून जातो. तिथे वाक्याच्या मधोमध चेखव घुसवतो: तो फक्त 22 वर्षांचा होता. आणि आयुष्य सुंदर "आहे" असं नाही, त्याला तसं "वाटलं". लेखकाचा सगळा आवाज एवढाच. तो पोराचा आनंद खोटा ठरवत नाही आणि त्यावर सहीसुद्धा करत नाही. प्रश्न नीट मांडणं हे लेखकाचं काम, सोडवणं नाही, असं त्याने 1888 मध्ये प्रकाशक सुवोरिनला लिहिलं होतं, त्याचा हा नमुना. सुरुवात करायची तर या गोष्टीपासूनच करा.

पत्रं आणि चरित्र शेवटी

दोस्तोयेव्हस्कीचं 1849 चं खोटं मृत्युदंडाचं नाटक, सायबेरियात ओम्स्कच्या तुरुंगातली चार वर्षं, वाटेत तोबोल्स्कला डिसेंब्रिस्टांच्या (झारविरुद्ध बंड करून सायबेरियात पाठवलेल्यांच्या) बायकांनी दिलेलं न्यू टेस्टामेंट, 1878 मध्ये त्याचा मुलगा अल्योशा तीन वर्षांचाही झालेला नसताना गेल्यावर ऑप्टिना मठात जाणं, हे सगळं भारी आहे, पण आधी वाचलं की मग कादंबरीत तेवढंच दिसतं. याचा धोका बघा. 1854 मध्ये त्याने त्याच बायकांपैकी फोनव्हिझिना बाईंना लिहिलं की ख्रिस्त सत्याच्या बाहेर आहे असं कुणी सिद्ध केलं तरी मी सत्याऐवजी ख्रिस्ताबरोबर राहीन. झालं, लोक हे त्याचं श्रद्धेचं स्टेटमेंट म्हणून डकवतात. पण साधारण सतरा वर्षांनी 'डीमन्स'मध्ये हेच वाक्य येतं कसं? शातोव्ह स्ताव्रोगिनला आठवण करून देतो की हे तूच म्हणायचास ना, आणि स्ताव्रोगिनचा आता कशावरच विश्वास उरलेला नाही. मग तो शातोव्हला उलट विचारतो, तू देवाला मानतोस का, आणि शातोव्ह चाचरत म्हणतो, मी... मी मानेन. स्वतःचं सर्वात जिवाभावाचं वाक्य त्याने एका पोकळ माणसाच्या भूतकाळात नेऊन ठेवलंय. पत्र आधी वाचलंत तर हे दिसत नाही, नंतर वाचलंत तर हादरा बसतो.

क्रम असा ठेवा: 'द स्टुडंट', मग 'इव्हान इलिच', मग 'क्राइम अँड पनिशमेंट', मग 'कारामाझोव्ह', 'रिझरेक्शन' जमलं तर. 'कारामाझोव्ह'च्या पुस्तक 2 मध्ये मठात चर्चची कोर्टं हवीत की नकोत यावर लांबलचक चर्चा आहे, ती सगळेच पटापट उलटतात, तुम्ही उलटू नका. इव्हानने त्यावर लेख लिहिलेला असतो आणि गंमत म्हणजे चर्चवाल्यांना वाटतं लेख आपल्या बाजूचा, नास्तिकांना वाटतं आपल्या, आणि काहींना वाटतं की हा पठ्ठ्या सगळ्यांची टर उडवतोय. झोसिमा एकटा ओळखतो की हा प्रश्न तुमच्या मनात सुटलेला नाही आणि त्यामुळेच तुम्हाला त्रास होतोय. इव्हान विचारतो, सुटू शकेल का, होकाराच्या बाजूने? म्हातारा म्हणतो, होकाराच्या बाजूने नाही सुटला तर नकाराच्या बाजूनेही सुटणार नाही.

पेन्सिल तिथे जास्त लागेल.